मोजलेलं पाणी

१

दरवर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी कळमन्याच्या बाजारात वर्षाचा गहू घ्यायला जातो. त्र्याऐंशी सालीही गेलो. आधीच्या सालापर्यंत भागीरथा, माझी बायको, सोबत असायची. गव्हाचे चार दाणे दाताखाली फोडायची आणि व्यापाऱ्याला तोंडावर सांगायची, "हा गहू नाही चालत, पोळी चिवट होते." त्या वर्षी दाणे मला एकट्याला चावावे लागले. मला सगळे सारखेच लागले. मी तीन माणसांचा गहू सांगितला, आणि मग दुरुस्त करून दोघांचा सांगितला.

पोती गाडीत चढेपर्यंत सावली शोधत मी चंपतराव अडत्याच्या दुकानामागे गेलो. तिथे बैलांना पाणी पाजायचं टाकं होतं. दोन बैल त्यात तोंड घालून उभे होते. टाकं एका टोकाला निमुळतं होतं. त्या टोकाकडे मी बराच वेळ बघत राहिलो, तेव्हा कुठे लक्षात आलं की ही होडी आहे. फायबरची, नऊ फुटांची, एका शिडाची. शिडाची काठी रोवायचं भोक बोळा कोंबून, वर डांबर थापून बुजवलेलं होतं.

"अंबाझरी तलावावर कोण्या साहेबानं आणली होती," चंपतराव म्हणाले. "बदली झाली तं टाकून गेला. आता गळते. मी सिमेंटचं टाकं बांधून राहिलो. पाहिजे तं न्या मास्तर, जागा मोकळी होईन."

मी मास्तर नाही. एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. नाव रुपराव. तराजू पुसायचे, वजनं लावून ठेवायची, मुलं मोजमाप चुकली की दाखवायचं, यात माझी बावीस वर्षं गेली. होडीत मी जन्मात बसलो नव्हतो. तरी मी "नेतो" म्हणालो, आणि काहून म्हणालो ते चंपतरावांना सांगितलं नाही.

भागीरथा पवनीची. वैनगंगेच्या काठची. लग्न होऊन नागपुरात आली आणि नळाच्या रांगेत उभी राहिली. वर्षातून एकदा तरी म्हणायची, "अंबाझरीत एकडाव नावेत बसवा न जी. लय दिवस झाले, पाणी पाह्यलं नाही." मी म्हणायचो, परीक्षा होऊ दे. मग म्हणायचो, ऊन उतरू दे. असं करता करता तिची किडनी गेली. डॉक्टरांनी दिवसाला अर्धा लिटर पाणी ठरवून दिलं, त्याहून थेंब जास्त नाही. मी प्रयोगशाळेतून काचेचं मोजपात्र आणलं. सकाळी पाचशे मिलिलिटर भरून ठेवायचो आणि तिने मागितलं की त्यातून ओतून द्यायचो. ती विचारायची, "मी पाणी पेऊ का?" मी पात्राकडे बघून हो किंवा नाही म्हणायचो.

शेवटच्या दिवशी पात्रात पन्नास मिलिलिटर उरले होते. ते मी संध्याकाळसाठी राखून ठेवले. संध्याकाळी ती नव्हती.

२

मेटॅडोरमध्ये गव्हाच्या पोत्यांवर होडी उलटी घालून मी गोकुळपेठेत आलो, तेव्हा गल्लीतली सगळी माणसं बाहेर आली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं कुणीतरी म्हटलं आणि लोक मनापासून हसले. माझी मोठी बहीण रंभाबाई दोन घरं पलीकडे राहते. ती हसली नाही. होडीभोवती एक चक्कर मारून माझ्यासमोर उभी राहिली.

"बैल गेला अन् झोपा केला," ती म्हणाली. "ते जिती होती तवा काहून नाही आणली गा?"

मी पोत्यांवरचे दोर सोडायला लागलो.

आमच्या शामलाला मात्र होडी फार आवडली. नुकतीच बारावीची परीक्षा देऊन ती मोकळी झाली होती. आईच्या आजारपणात या पोरीने स्वयंपाक करत, कढईवर पुस्तक धरून अभ्यास केला होता. माझ्यापुढे एकदाही रडली नाही. भागीरथाने जाताना एकच गोष्ट माझ्या पदरात टाकली होती, "पोरीले पाह्यजा जी." त्यापलीकडे मला जगात सांभाळायचं असं काही उरलंच नव्हतं. शामला हसली की मला बरं वाटायचं आणि आपल्याला बरं वाटलं याची लाजही वाटायची.

मागच्या अंगणात कडुनिंबाखाली दोन लाकडी घोड्यांवर होडी ठेवली. शिकवणार कोण? जरीपटक्यात ताराचंद नावाचा एक कारागीर कूलरच्या फायबरच्या टाक्या करायचा. त्याला जाऊन भेटलो.

"नाव असो का कूलर, फायबर तं फायबरच असते न भाऊ," तो म्हणाला. "हे रेझिन. हे हार्डनर, यानं रेझिन पकते. ही मॅट, म्हणजे काचेच्या धाग्याचं कापड. मॅट ठेवायची, त्यावर रेझिन चोपडायचं, पक्कं होऊ द्यायचं. गर्मीत हार्डनर कमी टाकजा, नाहीतर डब्बा हातातच पकून जाईन."

पहिला डबा माझ्या हातातच पकला. धूर निघाला आणि ब्रश आत अडकून बसला, तो आजही तसाच आहे. दुसऱ्या वेळी मी भीतीपोटी हार्डनर इतकं कमी टाकलं की तीन दिवस चिकट राहिलं आणि त्यात गल्लीतल्या सगळ्या माश्या जमा झाल्या. जुना थर घासताना काचेची भुकटी अंगात शिरली. रात्रंदिवस खाज. शामला हाताला खोबरेल लावून द्यायची आणि म्हणायची, "बाबा, तुम्ही होडी दुरुस्त करून राहिले का होडी तुम्हाले दुरुस्त करून राहिली?"

बावीस वर्षं पोरांना मोजमाप शिकवणारा मी, उंटावरचा शहाणा. पण त्या महिनाभरात आमच्या घरात पुन्हा बोलणं सुरू झालं होतं.

३

होडीच्या तळाशी, मधोमध, बैलांच्या खुरांनी फुटलेली एक जागा होती. कुजलेला भाग कापता कापता परातीएवढं भोक झालं. बाहेरून प्लायवूडच्या तुकड्याचा टेकू दिला आणि आतून मॅटचे थर द्यायचे ठरवले.

तेवीस मेची दुपार होती. शामला मैत्रिणीकडे गेली होती. बाहेर शेहेचाळीस डिग्री तापमान, गल्लीत चिटपाखरू नाही. मी रेझिन कालवलं. एकदा हार्डनर पडलं की दहा-बारा मिनिटं हातात असतात, त्यात काम उरकलं तर ठीक. पहिला थर बसला. दुसऱ्या थराला मॅट उचलली तर हातभर कमी. आदल्या दिवशी मी दोनदा मोजली होती. माझ्या हातून मोजमाप चुकत नाही, पण त्या दिवशी चुकलं.

डबा गरम व्हायला लागला. मॅट नाही तर कुठलंही कापड चालेल असं मनात आलं. आपल्या घरात जुनं सुती लुगडं कशाला चालत नाही? त्याचंच पोतेरं, त्याचीच गोधडी, त्याचंच बाळाचं दुपटं. मी धावत आत गेलो, कपाट उघडलं आणि हाताला पहिलं लागलं ते लुगडं ओढलं. जांभळं, पिवळ्या काठाचं, पवनीच्या मागावरचं. दातांनी फाडलं. भोकावर अंथरलं आणि वर रेझिन ओतलं.

रेझिन शिरलं की कापड काचेसारखं पारदर्शक होतं. माझ्या डोळ्यांदेखत जांभळा रंग उजळला. एकेक धागा दिसायला लागला. तेव्हा मला आठवलं.

चौदाव्या दिवशी भागीरथाचे कपडे वाटले, तेव्हा रंभाबाईने हे एकच बाजूला काढलं होतं. गाठ मारून माझ्या हातात देत ती म्हणाली होती, "मायचं लुगडं लेकीचं असते. लगीन होईन तवा तिच्या अंगावर घालजो. तोवर कोणी नेसाचं नाही, फाडाचं नाही." गाठ मी कपाटातच सोडली असणार. मला सोडल्याचं आठवत नव्हतं.

शामला पाचला आली. अंगणात येऊन होडीत डोकावली आणि तशीच उभी राहिली.

"बाबा, ते माह्यं होतं," ती म्हणाली.

"दुसरं असंल न, पाहू," मी म्हणालो.

"नाही. एकच होतं."

इतक्या महिन्यांत ती माझ्यासमोर पहिल्यांदा रडली. मी रेझिनने बरबटलेले हात घेऊन उभा राहिलो. तिच्या डोक्यावरून हात फिरवण्याजोगे ते नव्हते.

४

ते ठिगळ पक्कं होईना.

आजूबाजूचं सगळं दगडासारखं झालं. त्याच डब्यातलं, त्याच वेळी ओतलेलं रेझिन. ठिगळ मात्र बोटाने दाबलं तर आत जायचं आणि सावकाश वर यायचं. चिकट नव्हतं, नुसतं मऊ होतं. सकाळी सहाला, बाकी होडी गार असताना, ते कोमट असायचं. मी प्रयोगशाळेतला तापमापक आणून त्यावर टेकवला. सदतीस. दुपारी टेकवला, सदतीस. भर उन्हात बाकी होडीला हात लावला तर चटका बसत होता.

मी ताराचंदकडे गेलो. तो हसला. "सुती कपड्यात ओल असते भाऊ. ओल असली का रेझिन कच्चंच राहाते. काढून फेका अन् नवीन मॅट लावा."

बरोबर होतं. ओल. त्याने माझं समाधान झालं, आणि घरी येऊन पाहिलं तर होडीच्या तळाशी पाणी साचलं होतं.

पाऊस नाही, अंगणात नळ नाही. कूलरचे तुषार उडत असतील म्हणून कूलर दुसऱ्या खिडकीत हलवला. दुसऱ्या दुपारी पुन्हा पाणी. त्या उन्हात कपड्याचं पाणी पाच मिनिटांत उडायचं, आणि इथे ठिगळाभोवती स्वच्छ पाणी लकाकत होतं. तिसऱ्या दिवशी मी स्पंजने ते टिपलं, पिळलं आणि सवयीने मोजपात्रात ओतलं. पाचशे मिलिलिटर. चौथ्या दिवशी मोजलं, पाचशे. पाचव्या दिवशी मोजलं नाही. मोगऱ्याला घालून टाकलं.

त्याच दिवशी बाहेरचं प्लायवूड काढलं. होडीखाली उताणा पडून मी कडा घासत होतो. वरून ऊन ठिगळातून झिरपत होतं आणि माझ्या छातीवर जांभळा उजेड पडला होता. काठ, वीण, सगळं स्वच्छ दिसत होतं. मग उजेड गेला. ठिगळ माझ्याकडे बोटभर फुगलं, आत कुणी पाय टेकवून उभं राहावं तसं. मी रांगत बाहेर आलो. होडी रिकामी होती. स्वयंपाकघरातून शामलाच्या भांड्यांचा आवाज येत होता. फांदीची सावली असेल, मी म्हटलं. उन्हाने कापड ताणलं असेल. पुन्हा खाली जाऊन पडलो नाही, इतकंच.

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. शामलाने भाकरी मोडली, दोन घास खाल्ले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी पाणी पेऊ का?"

माझ्या हातातला घास ताटात पडला.

"काय म्हटलं वं तू?"

"काही नाही. काहून?" ती म्हणाली. तिच्यासमोर पाण्याचा गडू भरलेला होता. तिने हात लावला नव्हता. मी तो उचलून तिच्या हातात दिला. "पी," मी म्हणालो. "पाहिजे तेवढं पी माय." ती माझ्याकडे बघत हळूहळू प्यायली आणि अर्धा गडू ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी तिने दोनदा विचारलं. विचारल्याचं तिला कळत नव्हतं.

५

मी रंभाबाईला सांगितलं. सगळं नाही, लुगड्याचं तेवढं.

"काप ते," ती म्हणाली. "आजच काप, अन् अंबाझरीत सोडून दे. लेकीचं ठेवलेलं तू तिच्या हातचं काढून घेतलं गा. मायचा जीव मग लेकीतच राहीन न?"

मी बावीस वर्षं विज्ञानाच्या खात्यात काढली आहेत. अशा बोलण्यावर विश्वास ठेवत नाही. तरी करवत घेऊन होडीत उतरलो. पातं ठिगळाच्या कडेला टेकवलं. तिथे पिवळ्या काठावर एक बारीक रफू होतं. भागीरथानेच केलेलं. लुगड्याला खिळा लागून ते फाटलं होतं आणि तिने उन्हात पायरीवर बसून, सुई डोळ्यांजवळ धरून, तासभर रफू केलं होतं. मी बाजूला पेपर वाचत बसलो होतो. तासभरात मी तिच्याशी एक शब्द बोललो नव्हतो, हे मला करवत हातात धरल्यावर आठवलं.

मी ठिगळावर तळहात ठेवला. ते उबदार होतं. दुसऱ्या कुठल्याही गोष्टीने माझी इतकी समजूत पटली नसती. मी तिथेच, होडीत, गाल टेकवून आडवा झालो आणि ओक्साबोक्शी रडलो. मला ती हवी होती. कशीही. पोरीचं काय होत आहे हे दिसत असूनही हवी होती, हे इथे लिहून ठेवतो.

करवत मी परत खुंटीला टांगली. एक पळवाट काढली आणि तिला प्रयोग म्हटलं. भागीरथाला पाणी बघायचं होतं ना? मग होडी लवकर पाण्यात उतरवू. एकदा बघितलं की झालं.

हे ठरलं त्याच्या दुसऱ्या सकाळी ठिगळ कडक होतं. गार आणि कडक, टिचकी मारली तर बाकी होडीसारखंच वाजत होतं. त्या दुपारी पाणी साचलं नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी शामलाला बोलावून टिचकी मारून दाखवली. ती हसली. ती त्या दिवशी दिवसभर ओढणी पदरासारखी कमरेला खोचत होती. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

६

जूनचा पहिला आठवडा होता. पाऊस यायच्या आत उतरवायचं म्हणून आम्ही घाई केली. शिडासाठी शामलाने आईच्या मशीनवर मांजरपाट शिवला. दोरी आणायला सीताबर्डीला गेलो, तिथे तिला वजनाच्या यंत्रावर उभं केलं. चाळीस किलो. होडी किती वजन पेलते याचं मी गणित मांडत होतो. माझं वजन साठ.

शनिवारी दुपारी ठेल्यावर घालून होडी अंबाझरीला नेली. तिथे मी, माझ्या स्वभावाप्रमाणे, आधी मोजमाप केलं. होडीच्या दोन्ही कडांना बाहेरून एकेक लाकडी पट्टी बसवली होती. रिकाम्या होडीला पाणी लागलं तिथे शून्य. मग वीस किलो वाळूचं एकेक पोतं आत ठेवत गेलो आणि पाणी चढेल तिथे रेघ मारत गेलो. एक रेघ म्हणजे वीस किलो. होडी एका बाजूला कलली तर दोन्ही पट्ट्यांची सरासरी घ्यायची. आठ रेघा झाल्या. वाळू काढली, होडी पुन्हा बरोबर शून्यावर आली. जास्तीचं काहीही नव्हतं. मी तीनदा पाहिलं.

रविवारी पहाटे आम्ही दोघं गेलो. पाणी आटून खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. वारा बेताचा होता. शेवटच्या पायरीला लोखंडी कडी होती, तिला धरून मी आधी उतरलो आणि मधल्या फळीवर बसलो. तीन रेघा. बरोबर.

शामला उतरली आणि पुढच्या फळीवर बसली. आता पाच व्हायला हव्या होत्या. मी डावीकडे पाहिलं. साडेसहा. उजवीकडे पाहिलं. साडेसहा.

आम्ही काही सामान घेतलं नव्हतं. पाण्याची बाटलीसुद्धा नव्हती. आत कुठून पाणी शिरतंय का म्हणून मी तळावरून हात फिरवला. कोरडा ठणठणीत. दीड रेघ जास्त, म्हणजे तीस किलो. हा आकडा मला पाठ होता. शेवटच्या आठवड्यात अंगावरची सूज उतरली तेव्हा दवाखान्याच्या काट्यावर भागीरथाचं वजन तीस किलो भरलं होतं. नर्सने काटा बिघडला समजून दुसऱ्या काट्यावर उभं केलं होतं, तिथेही तीसच.

मला त्याच वेळी शामलाला उतरवायला हवं होतं. मी शीड सोडलं.

वारा शिडात भरला आणि होडी काठापासून सुटली. आम्हा दोघांना काहीही येत नव्हतं. शिडाची दोरी शामलाच्या हातात होती. ती ओढायची, सोडायची, आणि होडी आपसूक चालायची, जणू हे हात पाण्यावर वाढले होते. मी तिला विचारलं, "कुठं शिकली वं?" तिचं तोंड पलीकडच्या काठाकडे होतं. तिने एक हात पाण्यात सोडला होता. मग ओंजळ भरली आणि प्यायली. कुणाला विचारलं नाही. पुन्हा भरली, पुन्हा प्यायली. किती वेळ ती पीत होती. मी तिच्या पाठीकडे बघत बसलो होतो आणि माझे डोळे वाहत होते. वीस वर्षांनी मी तिला नावेत बसवलं होतं. घाबरायला हवं होतं, पण ती सकाळ माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची सकाळ होती.

७

ऊन वर आलं तसे परतलो. वारा पडला. शेवटचं अंतर मी हातांनी पाणी मारत तोडलं आणि पायरीची कडी पकडली.

शामला उठली. इकडेतिकडे न बघता सरळ पायरीवर उतरली आणि दोन पायऱ्या चढून माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. माझी नजर पट्टीवर होती. तिच्या दोन रेघा वजा होऊन साडेचार राहायला हव्या होत्या. त्या जास्तीच्या दीडचं काय होतं, ती होडीत राहते का, एवढंच मला बघायचं होतं.

होडी वर आली आणि पाचवर थांबली. दुसऱ्या बाजूची पट्टी पाहिली. पाच.

मी गणित परत केलं. आम्ही एकशेतीस किलो होतो. उतरलं ते तीस किलो. उरलं ते शंभर, आणि त्यातला मी साठ.

मान वर करायला मला वेळ लागला. पुढची फळी रिकामी होती. शीड लोंबत होतं, पानही हलत नव्हतं. शिडाची दोरी मात्र खाली पडलेली नव्हती. काठीपासून पुढच्या फळीपर्यंत ती हवेत ताठ होती, कुणी बसून मुठीत धरून ठेवल्यासारखी. तिच्या टोकाला कुणाचाही हात नव्हता.

"शामला," मी त्या फळीला म्हणालो.

दोरी एकदा हलली.

"चला न जी," पायरीवरून आवाज आला. "ऊन चढून राहिलं. घरी चला."

आवाज शामलाचाच होता. शामला मला बाबा म्हणते, जी नाही. मी वळलो. ती माझ्याकडे तोंड करून उभी होती. चेहरा पोरीचाच, सतरा वर्षांचा, केसांतून पाणी निथळत होतं. मान जरा डावीकडे कलती करून ती हसली आणि मला हात देण्यासाठी एक पायरी खाली आली.

मला आनंद झाला. किती वेळ ते सांगता येत नाही, एक श्वास असेल, पण त्या श्वासात माझ्या मनात पोर नव्हती. मग भीती आली. हात कडीवर घट्ट झाला. मागे दोरी पुन्हा हलली, या वेळी दोनदा, लहानपणी शामला झोपेतून माझा सदरा ओढायची तेवढ्याच जोराने. मी बाप होतो. कडी सोडून, जिथे माझं पोर बसलं होतं तिथे जाऊन बसायचं, एवढंच करायचं होतं. मी स्वतःला सांगितलं की आधी आपण उतरू आणि मग पोरीला उतरवून घेऊ. वजनाला हाताला धरून उतरवता येत नाही, हे मला सांगतानाही कळत होतं.

"या न जी," ती म्हणाली.

तिने पुढे केलेला हात मी धरला आणि उतरलो. होडी तीन रेघा वर आली. दोन पाण्याखालीच राहिल्या.